अॅलन पेज : बचावफळीतील खेळाडू ते न्यायमूर्ती
एका क्रीडा-कारकिर्दीचा शैक्षणिक अंगाने अभ्यास

गोषवारा

अमेरिकन फुटबॉल या खेळातील बचावफळीचे ख्यातनाम खेळाडू अॅलन पेज यांनी १९६७ ते १९८१ या पंधरा हंगामांत व्यावसायिक खेळ केला. खेळत असतानाच त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली आणि पुढे मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून बावीस वर्षांहून अधिक काळ काम केले. त्यांच्या जीवनाकडे बहुधा वैयक्तिक यशाची गाथा म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या कारकिर्दीचे टप्पे स्पष्ट करून, खेळाडू-विद्यार्थ्याच्या शिक्षणाविषयी महाविद्यालयांच्या जबाबदारीचा कोणता प्रश्न त्यातून उभा राहतो, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : अमेरिकन फुटबॉल, बचावफळी, खेळाडू-विद्यार्थी, खेळाडू संघटना, साक्षरता, विधी शिक्षण.

प्रस्तावना

महाविद्यालयीन शिक्षण आणि स्पर्धात्मक खेळ यांचे नाते अमेरिकेत जितके घनिष्ठ आहे तितकेच ते गुंतागुंतीचेही आहे. तेथील व्यावसायिक फुटबॉल संघांत येणारे जवळजवळ सर्व खेळाडू कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाच्या संघातून येतात. व्यावसायिक संघांना तयार खेळाडू मिळतात, विद्यापीठांना कीर्ती व पैसा मिळतो. परंतु खेळाडूला विद्यार्थी म्हणून नेमके काय मिळते, हा प्रश्न मात्र अनेकदा अनुत्तरित राहतो.

या प्रश्नाचा विचार करताना अॅलन पेज यांचे उदाहरण दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. एक म्हणजे, खेळाच्या सर्वोच्च पातळीवर असताना त्यांनी शिक्षण सोडले नाही. दुसरे म्हणजे, ज्यांच्या वाट्याला असे शिक्षण आले नाही अशा आपल्याच सहकाऱ्यांविषयी ते जाहीरपणे बोलले. पहिली गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. दुसरीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही.

लेखाची उद्दिष्टे

१. अमेरिकन फुटबॉलमधील बचावपटूच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. अॅलन पेज यांच्या क्रीडा, कायदा व शिक्षण या तिन्ही क्षेत्रांतील कार्याचा आढावा घेणे.
३. या कारकिर्दीच्या आधारे महाविद्यालयांच्या शैक्षणिक उत्तरदायित्वाची चर्चा करणे.

खेळाचे स्वरूप आणि बचावपटूचे स्थान

मराठी वाचकाला फुटबॉल म्हटले की पायाने खेळला जाणारा जागतिक खेळ आठवतो. अमेरिकन फुटबॉल हा त्याहून अगदी वेगळा खेळ आहे. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर प्रत्येकी अकरा खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत नेणे हे आक्रमक संघाचे उद्दिष्ट असते. त्यासाठी त्याला चार प्रयत्न मिळतात. या चार प्रयत्नांत चेंडू किमान दहा यार्ड पुढे सरकला तर पुन्हा चार प्रयत्नांची मुभा मिळते, अन्यथा चेंडू गमवावा लागतो. आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅक या खेळाडूकडे असतात. व्यावसायिक खेळात आक्रमणाचे व बचावाचे गट पूर्णपणे वेगवेगळे असून चेंडूचा ताबा बदलताच मैदानावरील अकराच्या अकरा खेळाडू बदलतात.

पेज ज्या जागेवर खेळत तिला ‘डिफेन्सिव्ह टॅकल’ असे म्हणतात. बचावाच्या सर्वांत पुढच्या रांगेच्या मध्यभागी हा खेळाडू एक हात जमिनीला टेकवून वाकून उभा राहतो. चेंडू हलताच समोरच्या धिप्पाड खेळाडूचा अडसर ओलांडून त्याला क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचे असते. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच खाली पाडले तर त्यास ‘सॅक’ म्हणतात. ही सर्व क्रिया अवघ्या दोन-तीन सेकंदांत घडते.

अशा खेळाडूच्या कामगिरीची नोंद ठेवणे कठीण असते. कबड्डीत चढाईपटूचे गुण सर्वांच्या ध्यानात राहतात, पण त्याला मैदानाच्या कडेकडे रेटत नेणारा कोपरारक्षक तितकासा लक्षात राहत नाही. तसेच काहीसे येथेही घडते. राष्ट्रीय फुटबॉल लीगने, म्हणजेच एनएफएलने, सॅकची अधिकृत नोंद ठेवण्यास १९८२ मध्ये सुरुवात केली. पेज १९८१च्या हंगामानंतर निवृत्त झाले होते. परिणामी, संशोधकांनी जुन्या सामन्यांच्या कागदपत्रांवरून मोजलेले त्यांचे १४८.५ सॅक आजही अनधिकृतच मानले जातात. ज्या कामात त्यांची हयात गेली, त्याचा एकही आकडा अधिकृत तक्त्यात नाही.

जडणघडण

अॅलन सेड्रिक पेज यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४५ रोजी ओहायओ राज्यातील कॅन्टन या शहरात झाला. पोलाद कारखान्यांच्या या गावात कृष्णवर्णीय तरुणांसमोर रोजगाराचे फारसे पर्याय नव्हते. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. १९५४ मध्ये अमेरिकेच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा ‘ब्राऊन’ खटल्याचा निकाल दिला, तेव्हा पेज आठ वर्षांचे होते. या निकालामुळे कायद्याविषयी आपल्या मनात ओढ निर्माण झाली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. फुटबॉलच्या कितीतरी आधी त्यांच्या मनात वकिली होती, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

व्यावसायिक फुटबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ हे स्मृतिदालनही कॅन्टनमध्येच आहे. ते १९६३ मध्ये खुले झाले. त्याच्या उभारणीच्या वेळी काम करणाऱ्या मजुरांमध्ये तरुण पेज होते. पंचवीस वर्षांनी याच दालनात त्यांची सन्मानाने निवड झाली.

शालेय शिक्षणानंतर त्यांनी नोटर डेम विद्यापीठात प्रवेश घेतला. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या या विद्यापीठाच्या संघाने १९६६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि पेज यांची त्या वर्षीच्या अखिल अमेरिकन संघात निवड झाली. १९६७ मध्ये त्यांनी राज्यशास्त्र विषयात पदवी संपादन केली. त्याच वर्षीच्या खेळाडू-निवडीत मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने त्यांना पहिल्या फेरीत, एकूण पंधराव्या क्रमांकावर निवडले.

व्हायकिंग्जची बचावफळी

१९६७ मध्येच बड ग्रँट यांनी व्हायकिंग्जच्या प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतली होती. विद्यापीठात रांगेच्या टोकाला खेळणाऱ्या पेज यांना येथे रांगेच्या मध्यभागी आणण्यात आले. मध्यभागी सामान्यतः वजनदार, अचल खेळाडू ठेवण्याची प्रथा होती. पेज यांचे बळ मात्र वजनात नसून चपळाईत होते. चेंडू हलल्याबरोबर ते इतक्या वेगाने निसटत की समोरच्या खेळाडूला हात लावण्यासही अवधी मिळत नसे. बचावपटूने प्रतिस्पर्ध्याच्या चालीची वाट पाहत न थांबता स्वतःच आक्रमण करावे, ही त्यांची धारणा होती.

पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन यांची ही रांग संघाच्या जांभळ्या गणवेशामुळे ‘पर्पल पीपल ईटर्स’ या नावाने प्रसिद्धीस आली. तिच्या परिणामकारकतेची कल्पना आकड्यांवरून येते. १९६९ च्या हंगामात चौदा सामन्यांत मिळून व्हायकिंग्जविरुद्ध केवळ १३३ गुण नोंदविले गेले. १९७१ मध्ये हा आकडा १३९ होता. म्हणजेच सामन्यामागे सरासरी दहा गुणही प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागत नव्हते. असे असूनही संघाला अंतिम यश मिळाले नाही. जानेवारी १९७०, १९७४, १९७५ आणि १९७७ अशा चार ‘सुपर बोल’ सामन्यांत व्हायकिंग्ज पराभूत झाले.

१९७१ हे वर्ष पेज यांच्या क्रीडा-जीवनातील सर्वोच्च बिंदू ठरले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेतर्फे दिला जाणारा हंगामातील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा मान त्यांना मिळाला. हा मान मिळविणारे ते बचावफळीतील पहिलेच खेळाडू होत. त्यानंतर १९८६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचे लॉरेन्स टेलर यांना तो मिळाला. २०२४ च्या हंगामापर्यंतच्या यादीत बचावपटूंची अशी दोनच नावे आढळतात. उर्वरित जवळपास सर्व मानकरी आक्रमक फळीतील, त्यातही बहुतांश क्वार्टरबॅक आहेत. बचावपटूच्या श्रमाला प्रतिष्ठा मिळणे किती दुर्मीळ असते, याचे हे द्योतक होय.

पेज यांच्या सातत्याचाही येथे उल्लेख करावयास हवा. १९६७ ते १९७७ या अकरा हंगामांत प्रत्येकी चौदा आणि १९७८ ते १९८१ या चार हंगामांत प्रत्येकी सोळा, असे एकूण २१८ सामने त्यांच्या संघांनी खेळले. त्यांपैकी एकाही सामन्यास पेज अनुपस्थित नव्हते.

खेळाडू संघटना आणि हक्कांचा प्रश्न

पेज यांचे वेगळेपण मैदानाबाहेरही दिसून येते. खेळाडू संघटनेत ते आपल्या संघाचे प्रतिनिधी होते आणि १९७२ ते १९७५ या काळात संघटनेच्या कार्यकारी समितीवर होते. हा काळ संघर्षाचा होता. त्या वेळच्या नियमांनुसार करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेल्यास नव्या संघाला जुन्या संघास भरपाई द्यावी लागे. ती किती असावी, हे आयुक्त पीट रोझेल ठरवीत. भरपाईच्या या टांगत्या तलवारीमुळे कोणताही संघ अशा खेळाडूला घेण्यास सहसा धजत नसे. कागदोपत्री मुक्त असलेला खेळाडू प्रत्यक्षात एका मालकाशी बांधलेला राही.

१९७४ मध्ये खेळाडूंनी संप पुकारला. मात्र तो करार न होताच मागे घ्यावा लागला. पुढे जॉन मॅकी व इतर खेळाडूंनी दाखल केलेल्या दाव्यात मिनियापोलिस येथील संघीय न्यायालयाने १९७५ मध्ये हा नियम स्पर्धाविरोधी ठरविला आणि १९७६ मध्ये अपील न्यायालयाने नियम बेकायदेशीर असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. रस्त्यावर जे साधले नाही ते न्यायालयात साधले, हा अनुभव या पिढीतील खेळाडूंना आला. कायद्याचे औपचारिक शिक्षण पेज यांनी याच सुमारास हाती घ्यावे, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

विधी शिक्षण आणि व्हायकिंग्जशी फारकत

कायद्याच्या शिक्षणाचा त्यांचा पहिला प्रयत्न साठच्या दशकाच्या अखेरीस झाला होता. एका विधी महाविद्यालयात प्रवेश घेऊन अल्पावधीतच त्यांनी तो सोडून दिला. या अपयशाकडे चरित्रलेखक सहसा ओझरते पाहतात. अध्यापकाने मात्र तेथे थांबले पाहिजे. पहिल्या प्रयत्नात माघार घेतलेल्या विद्यार्थ्याला काही वर्षांनी पुन्हा वर्गात येता आले, याचे श्रेय त्याच्या जिद्दीइतकेच पुन्हा दार उघडणाऱ्या व्यवस्थेसही द्यावे लागते. सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि खेळ चालू ठेवून १९७८ मध्ये पदवी प्राप्त केली.

याच काळात त्यांना धावण्याची गोडी लागली. पत्नी डायन यांच्यासोबत सुरू झालेला हा सराव पुढे दीर्घ पल्ल्यापर्यंत गेला. १९७९ मध्ये मॅरेथॉन पूर्ण करणारे ते एनएफएलमधील पहिले कार्यरत खेळाडू ठरले. धावण्यामुळे त्यांचे वजन सुमारे १११ किलोवरून १०० किलोच्या आसपास उतरले. प्रशिक्षक ग्रँट यांना हे मान्य नव्हते. त्या जागेसाठी खेळाडू अधिक वजनदार असावा असे त्यांचे मत होते. ऑक्टोबर १९७८ मध्ये व्हायकिंग्जने पेज यांना संघातून मुक्त केले. शिकागो बेअर्स या संघाने त्यांना नियमानुसार अवघ्या शंभर डॉलर शुल्कात घेतले. ज्या वर्षी विद्यापीठाने त्यांना कायद्याची पदवी दिली, त्याच वर्षी खेळाच्या बाजारात त्यांचे मोल शंभर डॉलर ठरले, ही विसंगती बोलकी आहे.

बेअर्ससाठी चार हंगामांहून कमी काळात त्यांनी चाळीस सॅक नोंदविले. घटलेल्या वजनाने त्यांची उपयुक्तता संपली नव्हती, हे त्यावरून सिद्ध होते. १९७९ पासून हंगामाबाहेरच्या काळात ते मिनियापोलिसमधील एका विधी संस्थेत वकिली करू लागले होते. त्यामुळे १९८१ मध्ये खेळ थांबला तेव्हा त्यांच्यासमोर ‘पुढे काय’ हा प्रश्न उभा राहिला नाही. दुसरी कारकीर्द पहिलीच्या आतच सुरू झाली होती.

न्यायदानाच्या क्षेत्रात

१९८५ पासून पेज यांनी मिनेसोटा राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयात काम केले. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते आणि मिनेसोटात या न्यायालयाचे न्यायमूर्ती मतदानाने निवडले जातात. प्रत्यक्षात मात्र बहुतेक न्यायमूर्ती मुदत संपण्यापूर्वी निवृत्त होत आणि रिक्त जागी राज्यपाल नियुक्ती करीत. त्यामुळे खुली निवडणूक क्वचितच होई. १९९२ मध्ये पेज यांना ज्या जागेसाठी उमेदवारी करावयाची होती, त्या जागेवरील न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढविली आणि निवडणूकच टळण्याची चिन्हे दिसू लागली. पेज यांनी या निर्णयास न्यायालयात आव्हान दिले. प्रकरण खुद्द सर्वोच्च न्यायालयातील जागेचे असल्याने नियमित न्यायमूर्ती बाजूला झाले आणि त्यांच्याऐवजी बसलेल्या न्यायाधीशांनी पेज यांच्या बाजूने निकाल दिला. निवडणूक झाली व ते विजयी झाले.

जानेवारी १९९३ मध्ये त्यांनी पदभार स्वीकारला. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातील ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन न्यायमूर्ती होत. १९९८, २००४ आणि २०१० मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर, नियमानुसार ऑगस्ट २०१५ मध्ये ते निवृत्त झाले. २०१८ मध्ये ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना प्रदान करण्यात आला.

वाचता न येणारे सहकारी

पेज यांच्या विचारांचा गाभा १९८८ मधील एका प्रसंगात सापडतो. त्या वर्षी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. अशा सोहळ्यात सन्मानित खेळाडूचा परिचय करून देण्यासाठी सामान्यतः जुना प्रशिक्षक किंवा सहखेळाडू बोलावला जाई. पेज यांनी मिनियापोलिसमधील एका सार्वजनिक शाळेच्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना बोलावले. आपल्या भाषणातही त्यांनी खेळातील पराक्रमांऐवजी शिक्षणाविषयी सांगणे पसंत केले.

याच काळात त्यांनी व्हायकिंग्जच्या एका बैठकीची हकिकत सांगितली. संघाच्या डावपेचांची पुस्तिका खेळाडूंकडून मोठ्याने वाचून घेतली जात होती. तेव्हा लक्षात आले की काही सहकाऱ्यांना ती वाचताच येत नव्हती. हे सर्वजण शाळा उत्तीर्ण होऊन विद्यापीठात वर्षानुवर्षे राहून आलेले होते. कोणत्याही टप्प्यावर कोणीही त्यांना अडविले नव्हते, कारण ते खेळत होते.

हा प्रकार एका संघापुरता मर्यादित नव्हता. १९८९ मध्ये डेक्स्टर मॅन्ली या वॉशिंग्टन संघाच्या बचावपटूने अमेरिकन सिनेटच्या उपसमितीसमोर साक्ष दिली. दोन सुपर बोल विजेत्या संघांत खेळलेल्या मॅन्ली यांनी सांगितले की विद्यापीठात चार वर्षे काढूनही आपल्याला व्यवहारापुरते वाचता येत नव्हते. प्रौढपणी, नावलौकिक मिळविल्यानंतर, त्यांनी वॉशिंग्टनमधील एका शाळेच्या रात्रवर्गात अक्षरओळखीपासून पुन्हा सुरुवात केली होती. पेज आणि मॅन्ली हे दोघेही बचावफळीतील, दोघेही विद्यापीठातून आलेले. एकाला महाविद्यालयाने राज्यशास्त्राची पदवी दिली, दुसऱ्याला वाचनही दिले नाही. दोघांच्याही वाट्याला टाळ्या मात्र सारख्याच आल्या.

या काळात व्यवस्थेच्या पातळीवर काही सुधारणा झाल्या. १९८६ पासून महाविद्यालयीन खेळाडूंसाठी किमान गुणवत्तेची अट लागू झाली. १९८९ मध्ये आंतरमहाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राच्या सुधारणेसाठी नाइट आयोगाची स्थापना झाली आणि १९९० च्या संघीय कायद्याने खेळाडूंच्या पदवी पूर्ण करण्याच्या प्रमाणाची माहिती जाहीर करणे विद्यापीठांवर बंधनकारक केले. अलीकडे, २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे. खेळाडूच्या श्रमाचे मूल्य मान्य होणे न्याय्यच आहे. परंतु मोबदला दिल्याने शिकविण्याचे कर्तव्य संपत नाही.

पेज यांनी आपले उत्तर कृतीतून दिले. १९८८ मध्येच त्यांनी व डायन यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशनची स्थापना केली. मिनेसोटातील वर्णीय अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य देणाऱ्या या संस्थेची एक अट वैशिष्ट्यपूर्ण होती. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने दरवर्षी ठरावीक तास लहान मुलांना शिकविले पाहिजे. घेणाराच येथे देणारा होतो आणि लहान मुलाला आपल्यासारखाच दिसणारा शिकलेला तरुण रोज समोर दिसतो. २०२० मध्ये पेज यांनी मिनियापोलिस येथील फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्कारी यांच्यासह राज्यघटनेत दुरुस्ती सुचविली. दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक बालकाचा मूलभूत हक्क असावा, असा तिचा आशय होता. या प्रस्तावावर शिक्षक संघटनेसह अनेकांनी आक्षेप घेतले आणि बरीच चर्चा झाली. तथापि, १९५४ च्या निकालाने प्रभावित झालेला मुलगा पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा शाळेच्याच प्रश्नापाशी आला, हे लक्षणीय आहे.

शरीराची किंमत

या विषयाची आणखी एक बाजू आहे. पेज यांच्या करंगळीचे हाड खेळात निखळून ती कायमची काटकोनात वाकली. तिच्यावर त्यांनी कन्या कामी यांच्यासह २०१३ मध्ये मुलांसाठी गमतीदार पुस्तक लिहिले. सर्वांच्या इजा मात्र इतक्या सौम्य नसतात. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे मेंदूचा ऱ्हास घडविणारा सीटीई हा विकार डॉ. बेनेट ओमालू यांना २००२ मध्ये माजी खेळाडू माइक वेबस्टर यांच्या शवविच्छेदनात आढळला आणि २००५ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. डेव्ह ड्युअरसन (मृत्यू २०११) आणि ज्युनिअर सेऊ (मृत्यू २०१२) या नामवंत बचावपटूंच्या मेंदूतही मृत्यूनंतर तो आढळून आला.

माजी खेळाडूंच्या दाव्यातील भरपाईची तडजोड न्यायालयाने २०१५ मध्ये मंजूर केली. तिच्या अंमलबजावणीत कृष्णवर्णीय खेळाडूंची बौद्धिक क्षमता मुळातच कमी गृहीत धरणारे मापदंड वापरले जात असल्याचे उघडकीस आल्यावर २०२१ मध्ये एनएफएलला ते सोडून देण्याचे मान्य करावे लागले. ज्यांना शाळेने वाचायला शिकविले नाही, त्यांच्याच मेंदूचे मोजमाप उतारवयात पुन्हा कमी धरले गेले. या दोन अन्यायांचे मूळ एकच आहे : खेळाडूच्या बुद्धीविषयी बाळगलेली अल्प अपेक्षा.

निष्कर्ष

१. बचावपटूचे कार्य स्वरूपतःच नोंदींच्या बाहेर राहणारे असते. पेज यांना १९७१ मध्ये मिळालेला मान हा म्हणूनच अपवादात्मक ठरतो.

२. पेज यांची दुसरी कारकीर्द खेळ संपल्यानंतर सुरू झाली नाही. राज्यशास्त्राची पदवी, संघटनेतील काम आणि विधी शिक्षण या क्रमाने ती खेळाच्या काळातच घडत गेली.

३. पहिल्या प्रयत्नातील माघार ही अंतिम ठरली नाही. पुन्हा प्रवेशाची संधी उपलब्ध असणे हा शैक्षणिक व्यवस्थेचा महत्त्वाचा गुण होय.

४. वाचता न येणारे सहकारी आणि डेक्स्टर मॅन्ली यांची साक्ष यांवरून, खेळातील यश हे शैक्षणिक दुर्लक्षावर पांघरूण घालू शकते, हे स्पष्ट होते.

५. शिष्यवृत्तीस अध्यापनाची जोड देण्याचा पेज फाउंडेशनचा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयाने अभ्यासण्याजोगा आहे.

समारोप

अॅलन पेज यांच्यासारख्या व्यक्तीचे चरित्र महाविद्यालयांना प्रिय असते, कारण त्यातून महाविद्यालयाचेही चित्र उजळून निघते. परंतु अशा चरित्राचा उपयोग व्यवस्थेच्या बचावासाठी करणे हे पेज यांच्याच भूमिकेशी विसंगत ठरेल. ज्या विद्यार्थ्याच्या मनात आठव्या वर्षापासून कायदा होता, तो कोणत्याही महाविद्यालयात शिकलाच असता, असे म्हणता येईल. महाविद्यालयाची खरी कसोटी त्या बैठकीत हातातील पुस्तिकेकडे पाहत गप्प राहिलेल्या सहकाऱ्याच्या संदर्भात लागते. तो वर्गात किती दिवस आला, त्याचे पेपर कोणी तपासले, त्याला उत्तीर्ण कोणी केले, हे प्रश्न खेळाडूला विचारण्याचे नसून अध्यापकाने स्वतःला विचारण्याचे आहेत. हजेरीपटावर ज्याचे नाव आहे तो मैदानावर कितीही मोठा असला तरी वर्गात विद्यार्थीच आहे, एवढी साधी जाणीव पाळली गेली तरी अशा अनेक खेळाडूंचे उत्तरायुष्य वेगळे होऊ शकेल.